दाटी आणि कोंडी

४ जून २०२५ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर ११ माणसं चेंगरून मेली. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं : ‘एवढ्या गर्दीत जायचंच कशाला?’ वाक्य काळजीपोटी येतं, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. मला ते हटकावंसं वाटतं. मेलेल्यांच्याच माथी दोष मारून ते मोकळं होतं, आणि गर्दी म्हणजे नेमकं काय, या विचारात पडतच नाही.

मी बोलणार आहे ते क्रिकेटच्या नव्हे, फुटबॉलच्या गर्दीबद्दल. त्यातही आपल्या संघामागून दुसऱ्याच्या गावात जाणाऱ्यांबद्दल. इंग्लंडमध्ये १९७० आणि ८०च्या दशकांत अशा प्रेक्षकांसाठी खास रेल्वेगाड्या सुटत, बहुधा जुन्या, कामातून गेलेल्या डब्यांच्या. स्टेशनावर उतरलं की पोलिसांच्या कड्यातून मैदानापर्यंत चालायचं, बऱ्याचदा गोलामागच्या एका भागात उभं राहायचं, आणि मॅच संपली की यजमान पांगेपर्यंत आतच थांबायचं. त्या पिढीतली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, आणि हे सगळं ती मायेने आठवतात. गोल झाला की पाय जमिनीवरून सुटायचे, चार पायऱ्या खाली जाऊन माणूस अनोळखी माणसाच्या मिठीत सापडायचा. या आठवणींचं करायचं काय, हा माझा प्रश्न आहे.

या प्रवासाला वारीची उपमा देण्याचा मोह आपल्याला होईल. मला ती पटत नाही. वारकरी ज्या गावाला जातो ते गाव त्याची वाट पाहत असतं. अवे मॅचला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, जाणाऱ्याची तिथे कुणी वाट पाहत नाही. तो यावा असंही कुणाला वाटत नसतं. तरीही तो जातो.

२० मार्च २०२२ला मी सावंतवाडीहून मडगावला गेलो होतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची अंतिम मॅच होती, केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद. करोनामुळे दोन मोसम गोव्यातच रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले गेले होते आणि अंतिम मॅचला दारं उघडली होती. केरळातून माणसं रेल्वेने, बसने, मोटरसायकलींवरून आली होती. त्या दिवशी पिवळी जर्सी हैदराबादच्या वाट्याला गेली आणि ब्लास्टर्स काळ्या जर्सीत उतरले, तरी स्टँड पिवळाच होता. पहिल्या अर्ध्यात माझ्या शेजारच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उकाड्याने भोवळ आली. त्याच्या बापाने मल्याळममध्ये दोनच शब्द उच्चारले. पुढच्या ओळी बाजूला सरकल्या, मुलगा हातांवरून जिन्यापाशी गेला, मागून कुणाची तरी पाण्याची बाटली पुढे आली. वीसेक मिनिटांनी तो परतला तेव्हा एवढ्या खेचाखेचीत त्याची जागा तशीच होती. ती कुणी राखली होती, मला आजही सांगता येणार नाही.

त्याच्या कितीतरी वर्षं आधी, दुसऱ्याच एका शहरात, मॅच संपल्यावर मी जिन्याने खाली उतरत होतो. खालचं लोखंडी फाटक कुणीतरी बंद केलं होतं. वरच्यांना ते दिसत नव्हतं, ते उतरतच राहिले. माझी छाती पुढच्या माणसाच्या पाठीला टेकली, मग दाबली गेली. तिकीट धरलेला हात वर येईना. पुढच्या माणसाने जेमतेम मान वळवली आणि म्हणाला, ‘भाऊ, मी तरी काय करू?’ थोड्या वेळाने फाटक उघडलं. कुणाला इजा झाली नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही. पण त्याचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

या दोन अनुभवांना आपण एकच शब्द वापरतो : गर्दी. मी पहिलीला दाटी म्हणतो आणि दुसरीला कोंडी. दाटीत बाहेरची वाट शेजाऱ्याकडे मागता येते आणि तो ती देऊ शकतो. कोंडीत शेजाऱ्याच्या हाती काही उरत नाही. वाट गर्दीत नसलेल्या कुणाच्या तरी ताब्यात गेलेली असते.

इंग्लंडमधल्या त्या पिढीच्या आठवणींबद्दल तीन मतं ऐकू येतात. पैशाने जुना खेळ बुडवला म्हणून लोक हळहळतात, हे पहिलं; तिकिटं महागली हे खरं, पण स्वस्त तिकिटाने कुणाची कोंडी फुटलेली नाही. हे सगळे दंगेखोरच होते, हे दुसरं. १९८५मध्ये हेजल स्टेडियमवर दंगेखोरांपायी ३९ जण गेले, पण त्यावरून गाडीभर माणसांना दंगेखोर ठरवता येत नाही.

तिसरं मत हुशार आहे, आणि म्हणूनच त्याचा मला जास्त त्रास होतो. ते म्हणतं : या वाचलेल्यांच्या आठवणी आहेत. चेंगरून गेले ते आठवणी सांगायला उरले नाहीत. उरले त्यांना आपलं तारुण्य आठवतं आणि ते धोक्यालाच आपुलकी समजतात. म्हणून या आठवणींचं पुरावा म्हणून मोल शून्य.

असं म्हणणाऱ्यांनी हिल्सबरो नीट आठवावं. १५ एप्रिल १९८९, एफए कपची उपांत्य मॅच, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान शेफील्डचं, म्हणजे दोन्हीकडचे प्रेक्षक परगावचेच. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने पाहणाऱ्या १०,१०० जणांना आत यायला फिरती दारं सात. बाहेर दाटी वाढली तेव्हा पोलिसांनी एक मोठं दार उघडलं. समोर दिसत होता तो बोगदा थेट मधल्या दोन जाळीबंद भागांत उतरत होता, आणि ते आधीच भरले होते. तो बोगदा त्या वेळी बंद करायला हवा होता. तो केला गेला नाही. बाजूच्या भागांत जागा होती. पुढे मैदानाच्या कडेला उंच जाळी होती. मॅच सुरू होऊन सहा मिनिटांनी थांबली. आज मृतांचा आकडा ९७ आहे.

त्यानंतर पोलिसांनी सांगितलं की लोक दारू पिऊन, उशिरा, बेशिस्तीने आले. ती कोंडी भोगलेले सांगत राहिले की आम्हाला आत ढकललं गेलं आणि बाहेर पडू दिलं नाही. २०१२मध्ये स्वतंत्र समितीने उघड केलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते, आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला किंवा बदलला होता. २०१६च्या मृत्यूचौकशीत ज्युरीने निकाल दिला : हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाले, आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. इतकी वर्षं पोलिसांचे कागद खोटं बोलत होते आणि वाचलेल्यांची आठवण खरी होती. जी माणसं मृत्यूबद्दल इतकं अचूक सांगत होती, त्यांनीच त्याआधीच्या दहा वर्षांतल्या आनंदाबद्दल सांगितलं की आपण त्याला भाबडेपणा म्हणणार का? त्यांना दोन्ही गर्दी ठाऊक होत्या. फरक त्यांनी अंगावर भोगला होता. आपल्याकडे त्यासाठी दोन शब्द नव्हते, एवढंच.

यावर उत्तर येतं की दाटीच वाढून कोंडी होते, मग फरक कसला? यात तथ्य आहे. माणसांची घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेजाऱ्याला इच्छा असूनही हलता येत नाही. पण ती मर्यादा बहुतेक वेळा वास्तूमुळे आणि कुलपामुळे ओलांडली जाते. ९ मार्च १९४६ला बोल्टनच्या बर्नडन पार्कवर ३३ जण गेले. तिथे आपल्या मुलाला घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या एका बापाला फाटकाचं कुलूप स्वतः उघडावं लागलं, आणि त्याच फाटकातून बाहेरची माणसं आत लोटली. बाहेर जायची वाटसुद्धा कुलूपबंद होती, याचा उल्लेख मात्र गर्दीच्या बेभानपणाइतका होत नाही.

आणि पाहुण्यांनाच येऊ दिलं नाही तर? इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ला तेच केलं होतं. खबरदारी म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या समर्थकांना बंदी होती. मॅच हरल्यावर यजमानांचेच काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले. दारं अरुंद, काही बंद. १३५ माणसं गेली. पाहुणा नव्हता, कोंडी होती.

एक गोष्ट मी खोडून काढू शकत नाही. हिल्सबरोत आपलं माणूस गमावलेल्या काही कुटुंबांना मैदानात उभ्याने पाहणं पुन्हा नकोच आहे, आणि त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद थिटा पडतो. लॉर्ड जस्टिस टेलर यांनी हिल्सबरोवरच्या १९९०च्या अहवालात उभं राहणं मुळातच असुरक्षित मानलं नव्हतं, तरीही मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या घालायला सांगितलं. ते शहाणपणाचं होतं असं मीही म्हणेन. पण पुढे काय झालं पाहा. पाहुणे प्रेक्षक खुर्च्यांपुढे नव्वद मिनिटं उभेच राहत आले, आणि जानेवारी २०२२पासून काही मैदानांवर कठडे बसवून त्यांना रीतसर उभं राहू दिलं. म्हणजे उभं राहण्याची ती भूक खोटी नव्हती.

दाटी आणि कोंडी हा फरक सगळ्यात जास्त महत्त्वाचा ठरतो तो परगावच्या माणसासाठी. यजमानाला कुठला जिना कुठे उतरतो ते लहानपणापासून ठाऊक असतं. पाहुणा समोर दिसेल त्या बोगद्यात शिरतो. त्याच्यापाशी असतात फक्त शेजारची माणसं. म्हणून त्याच्या आठवणींत गोलांपेक्षा माणसं जास्त असतात, आणि म्हणूनच त्याच्या वाटेवरचं प्रत्येक कुलूप जास्त घातक असतं. प्रश्न ‘जायचंच कशाला’ हा नाही. फाटक कोण बंद करतं आणि त्या क्षणी त्याला आतलं दिसतं का, हा आहे.

फातोर्ड्यात ब्लास्टर्सनी आधी गोल केला, शेवटी शेवटी हैदराबादने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत केरळ हरलं. रात्री मडगाव स्टेशनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बोलत नव्हतं. मी उभा आहे हे पाहून खाली बसलेल्या एका पोराने काही न विचारता आपली पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून मला जागा करून दिली.