करबलाची आठवण आणि तेहरानची सत्ता

मोहरममध्ये मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सवाऱ्या बसतात. धर्मापुरीच्या मुलखात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला त्यात परकं असं काही कधी वाटलं नाही. पंजे धरणाऱ्यांत मुसलमान असत तसे मराठे, धनगर, मांग-महारही असत. नवस बोललेल्या बाया मलिदा घेऊन यायच्या. रात्री अलाव्याभोवती हलगीच्या तालावर फेर धरला जायचा. हुसेन कोण, करबला कुठं, असं विचारलं तर जुनी माणसं फार खोलात शिरत नसत. चांगला माणूस होता, पाण्यावाचून तडफडला, पण अन्यायापुढं मान झुकवली नाही, एवढं सांगून पुढच्या कामाला लागत.

पुढं शाळेत इतिहास शिकवताना कळलं, की १९७८ च्या डिसेंबरात त्याच मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी इराणच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती. शहाला त्यांनी यझीद, म्हणजे हुसेनचा जीव घेणारा जुलमी सत्ताधीश, ठरवलं. जानेवारीत शहा देश सोडून गेला, १ फेब्रुवारी १९७९ ला आयातुल्ला खोमेनी पॅरिसहून परतले आणि ११ फेब्रुवारीला जुनी राजवट कोसळली. आमच्याकडं त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्याचा पत्ता लागला तो डिझेल-रॉकेलच्या टंचाईतून. रेशन दुकानासमोर डबे मांडून बसलेल्यांना तेहरानशी काही देणंघेणं नव्हतं, तरी तिथल्या उलथापालथीचा चिमटा त्यांना बसत होता.

करबलाची ही एकच आठवण आमच्या गावात लोकांची जत्रा होऊन राहिली आणि तिकडं राज्य होऊन बसली. हा फरक कशानं पडला, हे मला सतत कोडं वाटत आलं. श्रद्धा कुणाची जास्त तीव्र, असं म्हणून ते सुटत नाही.

इराणमधून उठलेली धार्मिक क्रांती दख्खनला काही पहिल्यांदा १९७९ मध्ये भेटली नाही. १५०१ मध्ये जेमतेम चौदा वर्षांचा इस्माईल तब्रिझला सफवी घराण्याचा शाह झाला आणि त्यानं शिया पंथ राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. त्याच्यामागं जीव ओवाळून टाकणारे किझिलबाश लढवय्ये होते. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत विजापूरच्या युसूफ आदिलशहानं तोच पंथ दरबारात आणला. अहमदनगरचं निजामशाही घराणं मूळचं आपल्या पाथरीच्या ब्राह्मण कुळातलं. त्यातल्या बुऱ्हाण निजामशहानं १५३७ च्या सुमारास इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. आमच्या बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला बांधणारा आदिलशाही सरदार किश्वर खान याच्या नावापुढंही ‘लारी’ लागतं, म्हणजे इराणमधल्या लारचा. गोवळकोंड्याला तर खुतब्यात सफवी शाहाचं नाव घेतलं जाई. शाहजहाननं १६३६ च्या तहात कुतुबशहाला ते बंद करायला लावलं. दुसऱ्या मुलखातल्या मशिदीत आपलं नाव घेतलं जाणं हे तेव्हाचं प्रादेशिक सत्तेचं माप होतं, आणि मोगलांना ते बरोबर कळत होतं.

पण सफवी राज्य टिकलं ते नुसत्या भक्तीवर नव्हे. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या मैदानात उस्मानी तोफांपुढं किझिलबाशांची भक्ती उघडी पडली. राज्याला खरी ताकद आली ती पुढं शाह अब्बासच्या काळात, जेव्हा पगारी फौज, तोफखाना, रेशमाचा व्यापार आणि इस्फहानसारखी राजधानी उभी राहिली. विसाव्या शतकातल्या क्रांतीची गोष्टही याच वळणानं गेली.

खोमेनींनी एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. मोर्चा शहाला घालवू शकतो, पण राज्य राखायला यंत्रणा लागते. जुन्या सैन्यावर विश्वास नव्हता, म्हणून ५ मे १९७९ रोजी क्रांतिरक्षकांचं स्वतंत्र दल उभं राहिलं. मग गल्लीगल्लीतल्या तरुणांची बसीज ही फळी आली. त्याच वर्षीच्या संविधानात निवडून येणारी संसद आणि अध्यक्ष ठेवले, पण त्या सर्वांच्या डोक्यावर धर्मशास्त्र जाणणारा सर्वोच्च नेता बसवला. जगभरच्या दुबळ्यांच्या लढ्याला पाठिंबा देण्याचं वचनही त्यात लिहून टाकलं. विरोधकांचं काय झालं हे सांगायला हवं. तुरुंग भरले, फाशीचे दोर वळले गेले आणि क्रांतीत बरोबरीनं चाललेले डावे व उदारमतवादी एकेक करून बाजूला पडले.

मात्र खेड्यातल्या माणसाच्या नजरेतून पाहिलं तर आणखी एक बाजू दिसते, जी बातम्यांत क्वचित येते. १९७९ मध्येच ‘जिहाद-ए-साझंदगी’ म्हणजे पुनर्रचनेची मोहीम सुरू झाली. शहरातली शिकलेली पोरं खेड्यांत गेली. रस्ते, वीज, पाणी तिथवर पोचलं. गावोगाव आरोग्यघरं उभी राहिली आणि त्याच गावातली मुलगी प्रशिक्षण देऊन तिथं नेमली गेली. १९८० च्या दशकात बाईमागं सहाच्या घरात असलेला जननदर २००० च्या सुमारास दोनच्या आसपास आला. विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांच्या पुढं गेली. जी राजवट बाईनं डोकं कसं झाकावं हे काठी घेऊन सांगते, तिच्याच काळात बाई एवढी शिकली. ही विसंगती पुढं त्या राजवटीला महागात पडली. पण खेड्यानं या राज्याला बराच काळ आपलं का मानलं, याचं एक उत्तर त्या रस्त्यांत आणि आरोग्यघरांत आहे.

दुसरं उत्तर युद्धात आहे. २२ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेनच्या इराकनं इराणवर हल्ला केला. घडी न बसलेली क्रांती एका धक्क्यात मोडेल, असा त्याचा हिशेब होता. झालं उलटं. आक्रमणानं क्रांतीला राष्ट्राचं बळ दिलं. मे १९८२ मध्ये खोर्रमशहर परत मिळालं, तेव्हा युद्ध थांबवता आलं असतं. खोमेनींनी ते इराकच्या हद्दीत नेलं आणि आणखी सहा वर्षं माणसं मरत राहिली. इराकनं विषारी वायू वापरला, जगानं डोळे मिटले. ऑगस्ट १९८८ मध्ये शस्त्रसंधी झाली. ती मान्य करणं म्हणजे विषाचा पेला पिणं, असं खोमेनींनी स्वतः म्हटलं होतं.

त्या आठ वर्षांनी इराणी सत्तेचा स्वभाव घडवला. शहानं घेतलेल्या अमेरिकी विमानांना सुटे भाग मिळेनात, म्हणून क्षेपणास्त्रांकडं आणि पुढं स्वस्त ड्रोनकडं लक्ष गेलं. आपल्या बाजूनं कुणी उभं राहत नाही, हे पक्कं झालं. पुढची लढाई आपल्या दारात नको, दुसऱ्याच्या अंगणात होऊ दे, हा धडाही तिथंच घेतला गेला.

ते अंगण लेबनॉनमध्ये सापडलं. जून १९८२ मध्ये इस्राएलनं लेबनॉनवर चाल केली. दक्षिणेतले शिया शेतकरी आधीच गरीब आणि दुर्लक्षित, त्यात आता परक्या फौजेखाली. क्रांतिरक्षकांची तुकडी सीरियामार्गे बेका खोऱ्यात उतरली आणि त्यातून हिजबुल्ला उभी राहिली. ही पद्धत बीडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. साखर कारखाना ऊसतोड मजुराला थेट कामावर घेत नाही. तो मुकादमाला उचल देतो, मुकादम आपल्या भावकीतून, तांड्यातून कोयते जमवतो, आणि फडात काही बरंवाईट झालं तर कारखान्याच्या दप्तरात त्या मजुराचं नावही नसतं. तेहराननं उचल दिली, शस्त्रं दिली, शिकवण दिली. टोळी मात्र त्या त्या मुलखातली होती, तिचं दुःखही तिथलंच होतं. म्हणून ती टिकली. मे २००० मध्ये इस्राएल दक्षिण लेबनॉनमधून बाहेर पडला, तेव्हा अरब फौजांना न जमलेलं काम या संघटनेनं केलं, असा डंका सगळ्या प्रदेशात वाजला.

आणखी एक मोठी देणगी शत्रूनं दिली. इराणच्या पूर्वेला तालिबान आणि पश्चिमेला सद्दाम, हे दोन्ही त्याचे हाडवैरी. २००१ मध्ये अमेरिकेनं पहिल्याला हटवलं, २००३ मध्ये दुसऱ्याला. बगदादमध्ये मतपेटीतून शिया बहुसंख्येचं सरकार आलं आणि त्यात इराणच्या आश्रयाला वर्षानुवर्षं राहिलेली माणसं होती. आठ वर्षं रक्त सांडून जे मिळालं नाही, ते प्रतिस्पर्ध्याच्या चुकीनं मिळालं. पुढं २०११ नंतर सीरियात असदची गादी वाचवायला इराण उतरला, २०१४ मध्ये आयसिसविरुद्ध इराकमध्ये सशस्त्र गट उभे राहिले, त्याच वर्षी येमेनची राजधानी हुथींनी घेतली. क्रांतिरक्षकांच्या कुद्स दलाचा प्रमुख कासेम सुलेमानी या सगळ्या पटाचा सूत्रधार म्हणून ओळखला जाऊ लागला. तेहरानपासून भूमध्य समुद्रापर्यंत एक सलग वाट तयार झाली. क्रांती आता प्रादेशिक सत्ता झाली होती.

हे सगळं वाचताना मला हैदराबाद संस्थानातली रझाकारांची गोष्ट आठवते, कारण ती आमच्या आधीच्या पिढीनं अंगावर झेललेली आहे. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्याकडंही धर्माच्या नावानं पेटलेले सशस्त्र स्वयंसेवक होते, आवेशाची भाषणं होती, मोठ्या साम्राज्याची स्वप्नं होती. पण प्रजेतला बहुसंख्य माणूस त्याच्या विरोधात होता. याच पट्ट्यात त्याआधी अंबाजोगाईच्या शाळेतून स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस वेगळं स्वातंत्र्य शिकवून गेला होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला सगळं संपलं. रझवी काही वर्षं तुरुंगात राहून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांची किंमत मात्र मागं राहिलेल्या गरीब मुसलमानांनी मोजली, कारण सुडाच्या लाटेत मराठवाड्यात हजारो निरपराध मारले गेले. सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली आहे. धर्माची आग एकटी राज्य उभं करू शकत नाही, हे रझाकारांनी दाखवलं. इराणकडं त्या आगीबरोबर लोक होते, यंत्रणा होती, तेल होतं आणि चुका करणारे शत्रूही होते.

तरीही दोन्ही गोष्टी एका ठिकाणी येऊन मिळतात. देणं कोण फेडतं, या प्रश्नापाशी. शेजाऱ्याच्या पडझडीतून जी सत्ता वाढते, तिला शेजारी सावरलेला परवडत नाही. लेबनॉनमध्ये सरकारपेक्षा संघटना मोठी झाली. इराकमध्ये फौजेबाहेर फौज उभी राहिली. सीरियात लाखो माणसं मेली आणि त्याहून कितीतरी अधिक घर सोडून गेली. आणि ज्या दिवशी ती अंगणं हातची जातात, त्या दिवशी मूळ घर उघडं पडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हिजबुल्लाचा नेता हसन नसरल्ला मारला गेला. ८ डिसेंबरला असदची राजवट कोसळली. १३ जून २०२५ ला इस्राएलनं थेट इराणवर हल्ला चढवला आणि नऊ दिवसांनी अमेरिकेनं फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. जे युद्ध चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात लढलं गेलं, ते तेहरानच्या छपरावर आलं. २३ जूनच्या रात्री इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा आमच्याकडच्या ज्या घरांतली पोरं आखातात कामाला आहेत, त्या घरांत रात्रभर कुणी झोपलं नाही.

घरातलं देणं तर त्याआधीच थकलं होतं. २०१८ मध्ये अमेरिका इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडली, निर्बंध आले, रियालची किंमत घसरत गेली. पैसा बेरूत आणि दमास्कसला जातो आणि आम्ही महागाईत मरतो, हा राग तिथल्या मोर्चांत उघड बोलला जाऊ लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या बहुतेक मुली याच राजवटीच्या शाळांत शिकलेल्या होत्या. क्रांतीनं शहाला जे सुनावलं होतं, तेच त्या आता क्रांतीला सुनावत होत्या.

माझ्या मते इथं हिशेब पुरा होतो. करबलाची आठवण अन्यायासमोर उभं राहायला शिकवते, म्हणून तिच्यात माणसं उठवण्याचं बळ आहे. ती सत्तेच्या हाती गेली की सत्ता स्वतःला कायम हुसेन समजते आणि प्रत्येक विरोधकाला यझीद. हे फक्त इराणचं किंवा इस्लामचं नाही. आपल्याकडंही कुठल्या ना कुठल्या दैवताच्या, महापुरुषाच्या आठवणीचं राज्ययंत्र करण्याची हौस कमी नाही. इराणनं प्रादेशिक सत्ता कशी मिळवली, याचं कौतुक किंवा भय दोन्ही बाजूंनी पुष्कळ झालं. पण राज्य मोठं झालं की नाही हे त्याचं नाव किती देशांच्या नकाशावर उमटतं यावरून ठरवू नये. आपल्याच शिकलेल्या लेकीशी ते कसं वागतं, यावरून ठरवावं. त्या मापानं इराणची क्रांती प्रादेशिक सत्ता होण्यात यशस्वी झाली आणि चांगलं राज्य होण्यात हरली.