कर्ता, करण आणि कीबोर्ड

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात प्लॅस्टिकचा छोटा दांडा, स्प्रिंग आणि धातूच्या बारीक पट्ट्या असतात. चेरी कंपनीच्या लाल स्विचमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते. पण साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाने ते २ मिलिमीटर दाबले गेले, की संगणकाला संदेश पोचतो. गेमिंगसाठी बनवलेल्या कीबोर्डमध्ये याशिवाय दोन सोयी असतात. बटणांखालच्या दिव्यांचे रंग बदलता येतात आणि कोणत्या बटणाने कोणते काम करायचे हेही ठरवता येते. साधन इतके आपल्या हाताजोगे करून घेतल्यावर त्याच्याकरवी घडलेली कृती नेमकी कोणाची, हा प्रश्न इथे उभा राहतो. भारतीय दर्शनांत आणि व्याकरणात तो कर्ता आणि करण, म्हणजे साधन, यांच्या संबंधाचा प्रश्न म्हणून फार पूर्वीपासून चर्चिला गेला आहे.

सुरुवात सवयीपासून करावी लागते. न्याय-वैशेषिक परंपरेत संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही हीच विभागणी आहे. वाकवलेली चटई सोडली की पूर्ववत होते, ते स्थितिस्थापक संस्कारामुळे. अनुभवाचा ठसा आत्म्यात राहतो आणि पुढे त्यातून स्मरण होते, ती भावना. कीबोर्डवर हे दोन्ही संस्कार एकाच ठिकाणी भेटतात. दाबलेले बटण वर येते ते स्प्रिंगच्या संस्काराने आणि बोट न बघता त्याच बटणावर परत येते ते सरावाच्या संस्काराने. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँती यांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात टंकलेखनाचेच उदाहरण घेतले आहे. कोणते अक्षर कुठे आहे हे सांगता न येणारा माणूसही सफाईने टंकलेखन करतो, कारण ते ज्ञान त्याच्या हातांत असते.

दिव्यांचे स्थान या सवयीच्या संदर्भात पाहिले म्हणजे स्पष्ट होते. प्रत्येक बटणाखाली लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. प्रत्येकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा मिळतात. यांतल्या बहुतेक छटा सजावटीच्याच कामी येतात आणि त्यात वावगे काही नाही. रोज हाती घेण्याची वस्तू सुंदर असावी ही इच्छा अवजारांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिरालाही होती. प्रकाशाचे ज्ञानाशी जोडलेले काम मात्र वेगळे आहे. हालचालीची डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणे एका रंगात आणि शस्त्र बदलण्याचे आकडे दुसऱ्या रंगात ठेवले, की नवशिक्याची नजर चुकत नाही. बटणांची कामे बदलणारा दुसरा स्तर चालू असताना सगळा कीबोर्ड निळा व्हावा अशी योजना केली, तर नजरेला न दिसणारी स्थिती दिसू लागते. हात तयार झाला, की यांतला पहिला आधार गळून पडतो. दुसरा टिकतो, कारण कीबोर्ड या क्षणी कोणत्या स्तरावर आहे हे कितीही सराव केला तरी बोटांना आपोआप कळत नाही.

बटणांची कामे ठरवण्याचा, म्हणजे शॉर्टकटचा, प्रश्न अधिक अवघड आहे. एका बटणावर दुसऱ्या बटणाचे काम नेणे ही नुसती मांडणी झाली. मॅक्रोमध्ये मात्र क्रियांची साखळी साठवली जाते: हे बटण दाबले, इतके मिलिसेकंद थांबले, सोडले, मग पुढचे दाबले. वापरणाऱ्याने एकदाच दाबायचे. बाकीचे कीबोर्ड पार पाडतो. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त क्रियेत स्वतंत्र असतो तो कर्ता आणि क्रिया सिद्धीस नेणारे सर्वांत प्रभावी साधन ते करण, असे म्हटले आहे. तरीही भाषा दोन्ही प्रकारे बोलते. ‘ती विळीने भाजी चिरते’ यात विळी करण आहे. ‘ही विळी छान चिरते’ यात तीच कर्ता झाली. मॅक्रोच्या बाबतीत हे दुसरे वाक्य नुसता बोलण्याचा प्रकार राहत नाही, वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

‘काउंटर-स्ट्राइक २’ या गेममध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष निकालाला आला. त्यात चालता चालता झाडलेली गोळी नेमकी लागत नाही. म्हणून उजवीकडे जाणारा खेळाडू डी सोडतो, क्षणभर ए दाबतो, जागीच थांबतो आणि मग नेम धरतो. एक बोट उचलणे आणि दुसरे टेकवणे यांत काही मिलिसेकंदांचीही चूक होऊ नये, यासाठी खेळाडू वर्षानुवर्षे सराव करतात. २०२४ साली काही कीबोर्डमध्ये अशी सोय आली, की दोन विरुद्ध बटणे एकत्र दाबलेली असली तरी शेवटचे दाबलेले तेवढे ग्राह्य धरले जाई. बोट उचलण्याचा अचूकपणा त्यामुळे यंत्राकडे गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलनाला मनाई केली.

यावर एक आक्षेप येतो. स्प्रिंग नसेल तर साधे बटणही वर येणार नाही. मग साधनाचा वाटा कोणत्या कृतीत नाही? आक्षेप खरा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा (म्हणजे हालचाल) आणि दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी, असाही निर्णय तिथे आहे. पण कारणे पाच आहेत म्हणून ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. साधनाने आपला वाटा उचलणे वेगळे आणि ज्या चेष्टेसाठी कर्म आरंभले तीच साधनाने करणे वेगळे.

इथेच निकष सापडतो. ज्याच्या बोटांत दुखणे आहे, त्याने तीन बटणांचा आदेश एका बटणावर आणला तर त्याचे कर्तेपण वाढते, कारण त्याचा हेतू काम पुरे करण्याचा आहे आणि तीन बोटांची कसरत त्या हेतूचा भाग नाही. रोज तीच आठ पावले टाकून चित्रफीत संपादित करणाऱ्याचेही तसेच. स्पर्धेत मात्र बोटांची ती चेष्टा हीच परीक्षेची वस्तू असते. तिथे ती यंत्राला दिली, की जिंकण्यातला आपला वाटा खेळाडूने स्वतःच कमी केलेला असतो. मॅक्रो तोच असला तरी निर्णय कर्माच्या हेतूप्रमाणे बदलतो. म्हणून शॉर्टकट साठवण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक विचारावे: या साखळीतली कोणती क्रिया आपल्याला स्वतः यायला हवी आहे? तेवढी हातात ठेवावी. बाकीची कीबोर्डला खुशाल द्यावी.