रेषेच्या अलीकडून वळणाऱ्या बोटी

गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, एक मासेमारी बोट रात्री हिरव्या पट्ट्यात शिरली आणि दोन तास एक नॉटच्या आसपास वेगाने तिथेच रेंगाळली. मला हे सकाळी ब्रिस्बेनच्या ऑफिसात कॉफी पिताना कळलं. ‘रेंगाळणं’ कशाला म्हणायचं हे ठरवणारा प्रोग्राम माझाच होता. प्रोग्रामने त्या बोटीपुढे लाल अक्षरांत ‘संभाव्य उल्लंघन’ असा शेरा मारला होता.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं ‘ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क’ ३,४४,४०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही मोठं. १९७५च्या कायद्याने ते अस्तित्वात आलं. या पार्कचे रंगांनी ओळखले जाणारे पट्टे आहेत. फिकट निळ्यात बहुतेक सगळं चालतं. पिवळ्यात माणशी एक दोरी, एक गळ. हिरव्यात मासेमारी पूर्ण बंद. गुलाबीत तर परवानगीशिवाय जायचंच नाही. २००४पूर्वी मासेमारीला बंदी असलेला भाग पाच टक्क्यांहूनही कमी होता. त्या वर्षीच्या १ जुलैपासून तो एकदम तेहतीस टक्क्यांवर गेला.

हिरव्या पट्ट्यात जायला मात्र मनाई नाही. गळ-जाळी आवरून ठेवून बोट तिथून जाऊ शकते, नांगर टाकून थांबू शकते. म्हणजे बोट कुठे आहे एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. व्यावसायिक बोटींवर बसवलेलं ट्रॅकिंगचं यंत्र ठरावीक वेळाने जागा कळवतं, त्यावरून वेग काढता येतो. कोळंबीचा ट्रॉलर जाळं ओढताना साधारण तीन नॉटने चालतो, नुसता प्रवास करताना त्याहून बराच जोरात. गळ टाकणारी बोट जवळजवळ थांबलेली असते. वेगावरून कृतीचा अंदाज बांधणं आणि तो अधिकाऱ्यांपुढे ठेवणं हे आमच्या कंपनीचं काम. म्हणायला ‘कम्प्लायन्स’, करायला संशय घेणं.

त्या बोटीचा गिअरबॉक्स गेला होता. नांगर धरत नव्हता, प्रवाहाने ती वाहत आत आली. कप्तानाने रेडिओवर तसं कळवलंही होतं आणि त्याची नोंद होती. प्रकरण तिथेच मिटलं. पण चौकशीचा फोन करणाऱ्या अधिकाऱ्याला कप्तानाने जे ऐकवलं, ते त्याने मला नंतर सांगितलं: “माझी बोट पाण्याबरोबर वाहत आली म्हणून मला विचारताय. ते पाणीच तापलंय, त्याबद्दल कोणाला फोन करता?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. हा लेख त्याच शोधात लिहितो आहे.

पाणी तापलंय हे खरंच आहे. पाणी फार काळ गरम राहिलं की प्रवाळाच्या पेशींतलं, त्याला अन्न पुरवणारं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. या रीफवर २०१६ ते २०२४ या काळात पाच वेळा व्यापक प्रमाणात हे घडलं. २०१६मध्ये सर्वाधिक फटका उत्तरेला बसला. जिथे वर्षानुवर्षं गळ पडला नव्हता असे हिरवे पट्टेही त्यात होते. आपण संरक्षित आहोत हे प्रवाळाला ठाऊक असून उपयोग नव्हता. उष्णतेला नकाशा वाचता येत नाही. ही उष्णता ज्या कोळशा-तेलातून येते, ते जाळणाऱ्यांच्या अंगावर ट्रॅकिंगचं यंत्र नाही. त्यांत मीही आलो. दर वर्षी घरी यायला मी विमानच पकडतो.

मग मी करतोय काय? मोठा चोर मोकाट सोडून खिसेकापूला पकडतोय?

यावर ऑफिसातलं ठरलेलं उत्तर असतं, की हिरवे पट्टे उपयोगी ठरतात. आणि ते खोटं नाही. केपल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी माशांच्या पिल्लांच्या जनुकांवरून त्यांचे आईबाप शोधले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, तिथल्या रीफचा जेमतेम २८ टक्के भाग बंदीखाली होता, पण कोरल ट्राउट आणि स्नॅपर यांची निम्मी पिल्लं तिथल्या माशांची होती. त्यातली बरीचशी बंदी नसलेल्या भागातही पोचत होती. थोडक्यात, रेषेच्या आतलं वाचलं तर रेषेबाहेरच्या कोळ्यालाही मिळतं. पण हे उत्तर माशांविषयीचं झालं. कप्तानाचा प्रश्न न्यायाचा होता.

न्यायाच्या बाजूने पाहिलं तर माझी अडचण आणखी वाढते. ट्रॅकिंगची सक्ती व्यावसायिक बोटींवर आहे. रविवारी हौसेने गळ टाकायला निघालेल्यांवर ती नाही. त्यांच्यासाठी गस्तीची बोट किंवा विमान लागतं, आणि समुद्र महाराष्ट्राएवढा. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर दिसतात ते सगळ्यात दोषी लोक नव्हेत, सगळ्यात दिसणारे लोक. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा मोह फार असतो. ज्याचा डेटा आहे तेच वास्तव वाटू लागतं. ज्याने यंत्र बसवून घेतलं, तोच आमच्या संशयाला सोपा.

दिवाळीत मालवणला आजोळी गेलो होतो, तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. मामाची छोटी होडी आहे. मालवणलाही सागरी अभयारण्य आहे. १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा. स्थानिक मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध, आणि मामाचाही. रेषा कागदावर आखली गेली, होडीतल्या माणसांना विचारून नव्हे, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, मामा कप्तानाची बाजू घेणार. पण त्याने वेगळाच विषय काढला. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. पारंपरिक मच्छीमारांचीच ती मागणी होती. तरी रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतात म्हणाला. “झिला, नियम आमकाच. तेंका कोण इचारतलो?”

वरवर पाहता कप्तान आणि मामा एकच बोलत होते: आम्हालाच का? पण कप्तानाच्या बोलण्याचा रोख ‘मलाही विचारू नका’ असा होता. मामाचं म्हणणं होतं, ‘त्यांनाही विचारा’. अभयारण्य नको म्हणणारा मामा बंदीची अंमलबजावणी मागत होता. मला आधी यात विसंगती वाटली. नंतर लक्षात आलं की विसंगती नाही. एक नियम त्याच्यावर लादलेला होता. दुसरा त्याच्या लोकांनी मागून घेतलेला, आणि तो पाळायची किंमत तो रोज मोजत होता.

एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या १९९०च्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्याच्या कोळ्यांची हकिगत दिली आहे. तिथे मासे पकडायच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जात आणि पाळीपाळीने बदलत. त्यामुळे प्रत्येकाला चांगली जागा मिळे, आणि राखण कोळी स्वतःच करत, कारण दुसरा घुसला तर नुकसान आपलं. सामायिक गोष्टींवरच्या या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट मला आता वेगळी दिसते. बहुतेक माणसं दंडाला भिऊन नियम पाळत नाहीत. बाकीचेही पाळतायत याची खात्री असेल तोवर पाळतात. ती खात्री गेली की पाळणारा माणूस स्वतःच्याच नजरेत मूर्ख ठरतो.

म्हणजे माझं काम नियम मोडणाऱ्याच्या विरोधात नाही, आणि खरं तर माशांसाठीही नाही. ते नियम पाळणाऱ्याचं देणं आहे. २००४च्या आराखड्यावर ३१,०००हून अधिक लोकांनी आपलं म्हणणं लेखी मांडलं होतं. सगळे खूश झाले नाहीत. नुकसान झालेल्या मच्छीमारांना सरकारने पैसे दिले, ते पुरले नाहीत असं म्हणणारेही आहेत. पण विचारलं गेलं होतं. त्यानंतर ज्याने चांगली जागा सोडली आणि लांबच्या जागी डिझेल जाळत जायला लागला, त्याच्याशी केलेला करार कोणीतरी राखायला हवा. जगाने हवामानाबाबत दगा दिला म्हणून हा करार रद्द होत नाही. उलट, एक मोठा शब्द मोडलेला असताना हातातला छोटाही मोडायचा, ही त्या कोळ्याची दुहेरी फसवणूक होईल.

पण यातूनच माझ्यावरही बंधनं येतात. करार विचारून झालेला नसेल, मामाच्या अभयारण्यासारखा, तर राखणदाराचा अधिकार लंगडा राहतो. आणि विचारून झालेला असेल, तर संशयिताला गुन्हेगार म्हणायचा हक्क प्रोग्रामला नाही. ‘संभाव्य उल्लंघन’ हे शब्द मी काढले, आता तिथे ‘चौकशी करा’ असं येतं. रेडिओवरच्या बिघाडाच्या नोंदी अलर्टच्या शेजारीच दिसतील असंही केलं. दोन दिवसांचं काम होतं. आधी सुचलं नाही, कारण रेषेच्या आत गेलेला ठिपका मला माणूस वाटतच नव्हता.

त्या कप्तानाला माझं उत्तर पटेल का? अर्धंच. तापलेल्या पाण्याबद्दल फोन कोणाला करायचा हे मला अजून माहीत नाही, आणि आमच्या कामाने रीफ वाचेल असं मी कोणाला सांगतही नाही. फक्त परवा एक वेगळी क्वेरी चालवून पाहिली: हिरव्या रेषेच्या अलीकडे दोनतीनशे मीटरवर येऊन मागे वळलेल्या बोटी. रात्रीच्या अंधारात, कोणी बघत नसताना, एकामागून एक वळलेल्या. त्यांच्यासाठी आमच्या सिस्टिममध्ये कधी अलर्ट येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं त्या मी पाहिल्याच नव्हत्या. यादी बरीच लांब निघाली.