विजेरीची हौस

हौस ही गरजेची धाकटी बहीण असे आपण समजतो. आधी गरज भागावी, मग उरल्या पैशाने हौस पुरवावी, हा गृहस्थधर्म झाला. परंतु कित्येक हौशी अशा असतात की त्या गरजेच्याच वस्तूला धरून वाढतात, आणि वाढता वाढता तिला ओळखेनाशी करून टाकतात. विजेरीची हौस ही या जातीची आहे. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

मुंबई-ठाण्याकडे गिर्यारोहणाचे साहित्य विकणारी जी दुकाने आहेत, त्यांत या हौशी गृहस्थाचे दर्शन घडते. त्याच्या घरी पाच-सात विजेऱ्या असतातच. तो आठवी पाहावयास आलेला असतो. काचेच्या कपाटातून दुकानदार एकेक नळी काढून ठेवतो. हा ती तळहातावर तोलतो, आटे फिरवून पाहतो, झोत छताकडे टाकून मधला ठिपका किती रेखीव व भोवतालची प्रभा किती सम आहे ते न्याहाळतो. घट अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा की त्याहून मोठा, उजेड पिवळसर की निळसर, हे सारे प्रश्न तो जवाहिऱ्याच्या गांभीर्याने विचारतो. विकत घेतोच असे नाही. पाहण्यातच त्याचा अर्धा आनंद असतो.

या वस्तूचा इतिहासही आनंद देण्याजोगा आहे. हातात धरावयाच्या विजेरीचे पेटंट डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत 1899 साली मिळाले. त्या काळचे घट इतके दुबळे होते की दिवा क्षणभर चमके आणि त्याला विसावा द्यावा लागे. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुढे 1990 नंतरच्या दशकात निळा उजेड देणारा प्रखर डायोड सिद्ध झाला, त्यातून पांढरा उजेड साधला, आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांस 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्षणभर चमकणारी ती नळी आज रात्रभर जळते आणि अर्धा कोस पलीकडचा कडा दाखविते. एवढ्या कर्तृत्वाचे कौतुक कुणी केले तर त्याला दोष का द्यावा?

दोष देणारे मात्र आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. ते म्हणतात, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या किंवा गोरखगडाच्या पायथ्याशी जाऊन पाहा. तेथे विजेरीला ‘बॅटरी’ म्हणतात आणि ती खुंटीला टांगलेली असते. पावसाळ्यात बांधावरून घरी येताना मण्यार किंवा घोणस पायाखाली येऊ नये म्हणून ती लागते. पहिल्या पावसात ओढ्याला वलगण चढली की मासे धरावयास आणि कातळावरचे खेकडे टिपावयास ती लागते. अपरात्री बाळंतिणीला डांबरी सडकेपर्यंत आणावयाचे झाले तर तीच पुढे चालते. अशी ही जिवाची सोबतीण, आणि शहरातला हौशी तिच्या आठ बहिणी कपाटात निजवून ठेवतो! हा अपव्यय नव्हे काय?

आमच्या मते हा आक्षेप आवेशाचा असला तरी अचूक नाही. एकाची गरज हा दुसऱ्याच्या हौसेवरील आरोप ठरू लागला, तर जगातील कोणतीच हौस निर्दोष सुटणार नाही. जो सतार ऐकतो, जो जुनी पुस्तके जमवितो, जो गुलाबाची कलमे करतो, त्या सर्वांस याच न्यायासनापुढे उभे राहावे लागेल. शिवाय हौशी मनुष्याने आठवी विजेरी घेतली नाही म्हणून पाड्यावरच्या घरात एक अधिक येते असेही नाही. पैशाच्या अंगाने पाहता त्याचा अपराध असलाच तर तो आपणां सर्वांच्या अपराधाइतकाच आहे.

तथापि विजेरीची हौस आणि घड्याळाची हौस यांत एक भेद आहे, आणि आक्षेपकांच्या दृष्टीतून तो निसटला आहे. घड्याळ ज्याचे त्याच्या मनगटावर राहते. उजेड धन्यापाशी राहत नाही. तो जेथे पडेल तेथल्यांचा होतो. दुसऱ्याच्या अंगणात, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत, झाडावरच्या पाखराच्या झोपेत तो विचारल्यावाचून शिरतो. म्हणून या हौसेची परीक्षा तिच्या किमतीवरून न करता तिच्या झोतावरून केली पाहिजे.

हा झोत मोजण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. विजेरीचा पल्ला म्हणून वेष्टनावर जो आकडा छापतात, तो ज्या अंतरावर तिचा उजेड पाव लक्स एवढाच उरतो त्या अंतराचा असतो. आणि पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्राचा उजेड. दहा हजार कँडेला तीव्रतेच्या विजेरीचा पल्ला या हिशेबाने दोनशे मीटर येतो. तो दुप्पट म्हणजे चारशे मीटर करावयाचा तर तीव्रता चौपट, चाळीस हजार कँडेला, करावी लागते. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण दूरच्या कड्यावर जे नेऊन टाकतो ते चांदणेच. आणि त्यासाठी जवळच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर मात्र त्याच्या सहस्रपट भार घालतो. मनुष्याची दृष्टी अंधारास रुळावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. ती मोडावयास एक क्षण पुरतो. ज्या वाटेवर गावकरी चांदण्याच्या भरवशाने बिनदिक्कत चालत असतो, त्याच वाटेवर समोरचा झोत पडताच तो आंधळा होऊन उभा राहतो.

वैशाखाच्या अखेरीस, वळवाचे चार शिंतोडे पडले की सह्याद्रीच्या रानात काजवे फुलतात. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीस तर ते पाहावयास शेकडो लोक लोटतात. काजव्यांचे हे चमकणे आपल्या करमणुकीसाठी नसते. नर चमकून साद घालतो, मादी चमकून उत्तर देते, आणि प्रौढ झाल्यावर त्यांना मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत हा संवाद जमला नाही तर वंश खुंटतो. त्या संवादात आपण प्रखर झोत सोडला म्हणजे साद व उत्तर दोन्ही बुडतात. जे पाहावयास आलो तेच आपल्या दिव्याने पुसून टाकावे, याहून हौसेचा मोठा पराभव तो कोणता?

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंधाराची ही स्तुती ज्याच्या घरी बटण दाबताच दिवा लागतो त्यालाच परवडते, असे कुणी म्हटले तर? मुरबाडच्या डोंगरांना हे विचारण्याचा अधिकार आहे. मुंबईच्या गिरण्यांना व दिव्यांना लागणारी वीज सह्याद्रीच्या उतारावर पाण्यापासून तयार होऊन, मनोऱ्यांवरच्या तारांतून या मुलखावरून जात होती. खाली मात्र मिणमिणत्या चिमण्याच होत्या. 1942 च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचे आझाद दस्त्यातील सहकारी यांनी हे मनोरे पाडून मुंबईचा वीजपुरवठा तोडला. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. परकी सत्तेची नाडी कोठे आहे हे त्या मंडळींनी ओळखले होते, आणि ती उजेडाच्या तारेत होती. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही त्याच कथेचे दुसरे पान आहे.

तेव्हा भेद केला पाहिजे तो लादलेला अंधार आणि राखलेला अंधार यांत. बाळंतिणीच्या वाटेवरचा अंधार लादलेला आहे. तो जितक्या लवकर हटेल तितका बरा, आणि त्याचे गुणगान करणे ही क्रूर थट्टा होईल. काजव्यांच्या झाडाखालचा अंधार राखावयाचा आहे; तो सर्वांच्या मालकीचा आहे आणि ज्याच्या हाती दिवा आहे त्यालाच तो राखता येतो. दिवा नसणाऱ्याचा संयम हा संयमच नव्हे. ती केवळ निरुपायाची स्थिती होय. संयमाचा अधिकार आणि त्याचे दायित्व ही दोन्ही दिवा असणाऱ्याकडे येतात.

आणि आश्चर्य असे की, या हौसेत मुरलेला मनुष्य हे आपल्या परीने ओळखून असतो. नवखा विचारतो, ‘हिचा उजेड जास्तीत जास्त किती?’ मुरलेला विचारतो, ‘कमीत कमी किती?’ उत्तम विजेरीत एक पायरी अशी असते की तिचा उजेड एका ल्युमेनहूनही कमी. तीत नकाशा वाचता येतो, निजलेल्या सोबत्याची झोप मोडत नाही आणि डोळ्यांचा अंधाराशी जमलेला स्नेह तुटत नाही. ही पायरी नीट साधणे हे कारागिराचे खरे कसब, आणि ती वापरावयाचे भान असणे ही हौशी मनुष्याची खरी रसिकता.

म्हणून आठवी विजेरी घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. त्याने ती खुशाल घ्यावी, आट्यांचे कौतुक करावे, घट तोलून पाहावा. मात्र माळशेजच्या किंवा सिद्धगडच्या वाटेस लागल्यावर झोत पायापुरता ठेवावा, आणि समोरून कुणी येताना दिसला तर तो खाली करावा. तेवढे जमले तर ती हौस शोभली असे म्हणू.