पाणपोईचे पुण्य आणि तळ्यावरचा हक्क

तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म, याबाबत आपल्याकडच्या धर्मांत मतभेद नाही. उन्हाळा लागला की नाक्यानाक्यावर पाणपोया उभ्या राहतात आणि त्यांवर दात्याचे नाव ठळक रंगवलेले असते. पण दान करायचे तर वस्तू आधी आपल्या मालकीची असावी लागते. पाणी कुणाच्या मालकीचे? महाडच्या चवदार तळ्यावर हा प्रश्न उघडा पडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, तरी तिथे गुरे पाणी पीत आणि माणसे लांब उभी राहत. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यात उतरले व पाणी प्याले. त्यांना दया हवी असती, तर एखाद्या उदार सावकाराने वेगळी विहीर खोदून दिली असती आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतले असते. सनातन्यांनी मात्र पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. तळ्यावरच्या हक्कावरून उभा राहिलेला खटला 1937 पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाने बहिष्काराची रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, या कारणावरून अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. समतेचे तत्त्व त्या निकालाला आधाराला लागले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, हक्काने घागर भरत नाही. म्हणणे खोटे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2010 मध्ये पाणी हा मानवी हक्क मानला. 122 देश बाजूने होते, 41 तटस्थ राहिले. तरीही 2022 मध्ये सुमारे 220 कोटी लोकांना सुरक्षित पाणी घरपोच मिळत नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत हा हक्क आहे, पण सोवेटोतल्या रहिवाशांनी माणशी रोज 25 लिटरचे मोफत पाणी अपुरे म्हणून दाद मागितली, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये महापालिकेचीच बाजू उचलून धरली. मात्र ते रहिवासी हरले ते वादी म्हणून, आणि महापालिकेला आपल्या आकड्याचे समर्थन भर न्यायालयात करावे लागले. पाणपोईचा दाता उद्या माठ उचलून घेऊन गेला, तर त्याला कारण विचारता येत नाही. आजची तहान टँकरनेच भागेल, हे कबूल; पण हक्काचा प्रश्न त्यापुढचा आहे. महाराष्ट्राच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. धरणातून उसासाठी आवर्तन सुटते तेव्हा तो पाळला जातो का, हे पाणपोई घालणाऱ्यांनी आधी विचारावे.