अवयव, अवयवी आणि ब्लॉक

वस्तूचा एक भागच पाहणाऱ्याने ती वस्तू पाहिली असे म्हणता येते काय, हा प्रश्न न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात चर्चिला आहे. पूर्वपक्ष असा, की झाड पाहणाऱ्याला त्याची अलीकडची बाजू तेवढी दिसते आणि उरलेले झाड तो तर्काने जोडून घेतो. म्हणून ज्याला प्रत्यक्ष म्हणतात ते वस्तुतः अनुमानच होय. सूत्रकार गौतमाचे उत्तर दुहेरी आहे: तेवढा भाग तरी प्रत्यक्षच दिसतो, आणि अवयवांहून वेगळा, पण त्यांच्यात समवायाने म्हणजे अतूट संबंधाने राहणारा ‘अवयवी’, अर्थात अखंड पदार्थ, भागाबरोबर तोही दिसतो. बौद्ध तार्किकांनी मात्र अवयवी नाकारला. त्यांच्या मते ते अवयवसमूहाला दिलेले नाव आहे. क्लाउडवर साठवलेल्या अजस्र फायली तुकड्यांनी वाचल्या जातात, तेव्हा हा जुना वाद नव्या सामग्रीवर तपासता येतो.

ॲमेझॉनची एस-थ्री ही सेवा 2006 मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासारख्या भांडारांत फाइल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून एका नावाखाली राहते. वाचणारा प्रोग्राम अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंतचाच मजकूर मागू शकतो, आणि सर्व्हर 206 हा संकेतांक देऊन तेवढाच अंश पाठवतो. पार्के या तक्तेवजा माहितीच्या फाइलप्रकारात तर वाचन शेवटाकडून सुरू होते: अखेरच्या आठ बाइटांत अनुक्रमणिकेची लांबी आणि ओळखचिन्ह असते, त्यावरून अनुक्रमणिका सापडते, आणि हवा तो स्तंभ कोठे आहे हे तिच्यातून कळते. परंतु प्रत्येक मागणीला उत्तर सुरू होण्यापूर्वीच काही दशांश सेकंद जाऊ शकतात, त्यामुळे शंभर बाइटांसाठी शंभर फेऱ्या मारणे परवडत नाही. म्हणून फाइल समान आकाराच्या ब्लॉकांत कल्पिली जाते. ब्लॉक पाच एमबीचा धरला आणि बारा एमबीच्या ठिकाणचे थोडेच बाइट हवे असले, तरी दहा ते पंधरा एमबीचा तिसरा ब्लॉक संपूर्ण आणला जातो व जवळ ठेवला जातो. शेजारचे बाइट पुढे लागले की ते तेथूनच मिळतात. या साठ्याला कॅशे म्हणतात, आणि तो भरला की सर्वांत जास्त काळ न वापरलेला ब्लॉक टाकून दिला जातो.

हे ब्लॉक फाइलचे अवयव नव्हेत. वाचकाने आकार बदलला की त्यांच्या सीमा बदलतात, फाइल मात्र होती तशीच राहते. तेव्हा वाचनातील तुकड्यांवरून फाइल हा निव्वळ समूह ठरत नाही. अवयवी सिद्ध करताना न्यायसूत्रे धारण आणि आकर्षण यांचा दाखला देतात: एक भाग धरून ओढला की संपूर्ण वस्तू येते, जे सुट्या कणांच्या राशीबाबत घडत नाही. ऑब्जेक्टचे वर्तन असेच आहे. सर्वसाधारण भांडारात त्याचा मधला एक बाइट जागेवर बदलता येत नाही, त्यासाठी संपूर्ण ऑब्जेक्ट नव्याने सिद्ध करावा लागतो. आणि पुसायचा तर तो अर्धा पुसला जात नाही. वाचताना तो खंडशः मिळतो, लिहिताना व पुसताना अखंड असतो.

बौद्ध पक्षाला येथे एक बळकट आक्षेप उपलब्ध आहे. ऑब्जेक्टची ओळख सांगणारी ईटॅग नावाची खूण, तो अनेक भागांत चढवला असल्यास, सामान्यतः भागांच्या खुणांवरून बनते. परिणामी तेच बाइट वेगळ्या मापाच्या भागांत चढवले की खूण वेगळी येते. मग एकत्व म्हणजे जुळणीची नोंदच नव्हे काय? याचे उत्तर असे, की खूण हे एकत्वाचे लिंग म्हणजे ज्ञापक चिन्ह आहे, स्वतः एकत्व नव्हे. एका गोष्टीची दोन चिन्हे असू शकतात. वाचकाचा प्रश्न एवढाच असतो की आधीचा ब्लॉक ज्या ऑब्जेक्टचा होता तोच आताही तेथे आहे काय, आणि त्यासाठी खूण न बदलणे पुरते.

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण कॅशेतील ब्लॉक प्रत्यक्षाच्या नव्हे, स्मृतीच्या कोटीतला आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान ते स्मृती, आणि तिच्याहून भिन्न तो अनुभव, असा भेद आहे; स्मृतीचे यथार्थत्व मूळ अनुभवावर अवलंबून असते. दरम्यान ऑब्जेक्ट बदलला असेल, तर जुना ब्लॉक त्या काळापुरता खरा असतो. त्याला आजचे प्रत्यक्ष मानणे हा भ्रम होय. जुना आणि नवा ब्लॉक एकत्र आले, तर कधीच अस्तित्वात नसलेली फाइल वाचली जाते. म्हणून नवा अंश मागताना जुनी खूण सोबत पाठवतात, आणि ती जुळत नसेल तर सर्व्हर 412 या संकेतांकाने नकार देतो.

तेव्हा निर्णय गौतमाच्या बाजूने, पण एका अटीसह द्यावा लागतो: अंश वाचणाऱ्याने अवयवी जाणला असे म्हणता येते, मात्र सर्व अंश एकाच अवयवीचे आहेत याची खात्री त्याने केलेली असली पाहिजे; न वाचलेल्या भागात काय आहे याविषयी तो जे बोलेल ते अनुमानच राहील.