पंगतीची मोजदाद

सामुदायिक भोजनाची तयारी ज्यांनी कधी केली आहे, त्यांना ठाऊक असते की त्यातले सर्वांत अवघड काम चुलीपाशी नसते. ते त्याच्या कितीतरी आधी, कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर सुरू होते. पाने किती मांडायची? तांदूळ, सरपण, पाणी, पत्रावळी आणि पैसा हे सारे या एका प्रश्नावर अवलंबून असते. आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षे निव्वळ व्यवहाराचा मानत आलो. तो नीतीचाही आहे, हे आम्हांला तलासरी तालुक्यातील एका माळावर, एका थंडीच्या रात्री उमगले. आणि तेही पंगत उठल्यानंतर.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतील ही हकिकत. विमानांच्या लहान प्रतिकृती स्वतः बनवून त्या रेडिओच्या साहाय्याने उडविणाऱ्या हौशी मंडळींचा दोन दिवसांचा मेळावा गवत कापून झालेल्या एका मोकळ्या रानात भरावयाचा होता. मुंबई, वसई, वापी आणि सुरत येथून माणसे यावयाची होती. रात्रीचा मुक्काम तंबूंत होता. आमच्यापैकी दोघांना या छंदाचे वेड. उरलेल्या आम्ही तिघांनी त्यांच्या आग्रहावरून शनिवारच्या रात्रीच्या जेवणाची व्यवस्था अंगावर घेतली.

अशा मेळाव्यांत एकत्र जेवण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे दरवर्षी जुलैच्या अखेरीस विमानांचा जो मेळा भरतो, तो यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. १९५३ साली मिलवॉकी येथे अगदी लहान प्रमाणावर सुरू झालेला हा मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरू लागला आणि २०२४ साली तेथे सुमारे ६ लाख ८६ हजार माणसे आली. आपले छोटे विमान गवतावर उभे करून त्याच्या पंखाखाली तंबू ठोकावा, संध्याकाळी शेजारच्या तंबूतील अनोळखी माणसांसह शेगडी पेटवावी, हा तेथील आनंदाचा मोठा भाग समजला जातो. आमच्या मित्रांनी हे सारे वाचले होते. आपल्याही मेळाव्यात तशी एक रात्र असावी, ही त्यांची इच्छा. इच्छा चांगली होती, म्हणूनच आम्ही होकार दिला.

जेवणाचा बेत स्थानिक असावा, असे ठरले. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत थंडीच्या दिवसांत उकडहंडीचा घमघमाट सुटतो. तिकडे तिला उंबाडियुं म्हणतात. कोनफळ, रताळी, वालपापडी यांना हिरवा मसाला चोळून ती मडक्यात भरावयाची, मडक्याचे तोंड रानातल्या पाल्याने गच्च बंद करावयाचे, मडके जमिनीवर उपडे घालावयाचे आणि भोवती पालापाचोळा, काटक्या रचून जाळ करावयाचा. आत पाण्याचा थेंब नाही. भाज्या आपल्याच वाफेवर शिजतात. या पदार्थाचा एक गुण असा की हंडी एकदा उपडी घातली की तीत भर घालता येत नाही. आमटीत तांब्याभर पाणी वाढवून चार पाहुणे निभावून नेण्याची आपली सनातन युक्ती येथे चालत नाही. जे मोजावयाचे ते आधीच मोजावे लागते.

आणि आम्ही मोजले होते. नावे नोंदविलेली बासष्ट माणसे. आयत्या वेळी कोणी मोटारीने येऊन टपकले तर, म्हणून आणखी आठ पाने, एकूण सत्तर. कांदा-लसूण न खाणारे सात जण होते, त्यांच्यासाठी निराळी हंडी. मांसाहारी मंडळींसाठी कोंबडीचा रस्सा, शिवाय तांदळाच्या भाकऱ्या, भात, डहाणूच्या बंदरावरून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी आणि शेवटी चिकू. यादी इतकी नेटकी झाली की आम्ही ती एकमेकांना कौतुकाने दाखविली.

शनिवारी सकाळी विमाने उडू लागली आणि त्या आवाजाने पलीकडच्या पाड्यावरची मुले धावत आली. अकरा मुले होती. दिवसभर ती तेथेच राहिली. एखादे विमान भरकटून काटेरी झुडपांत पडले की या मुलांची शर्यत लागे, आणि लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे ते नाजूक यान दोन्ही तळहातांवर झेलून ती ते मालकाच्या स्वाधीन करीत. एक विमान ताडाच्या झाडात अडकले. ते एका बारा वर्षांच्या मुलाने वर चढून उतरविले. पाड्यावरच्याच चार बाया सकाळपासून हंड्याने पाणी भरत होत्या, दुपारनंतर भाकऱ्या थापत होत्या. दोन पुरुष सरपण फोडीत होते, आणि एक म्हातारे बाबा रात्री विमानांची राखण करणार होते. सर्वांची मजुरी आधी ठरली होती आणि ती संध्याकाळी चोख दिली गेली.

अंधार पडला, पंगत बसली. हंड्या फुटल्या, वाफेबरोबर तो सुगंध माळभर पसरला आणि बासष्टांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. त्याच वेळी दिव्याच्या उजेडाची कड जेथे संपत होती तेथे ती अकरा मुले उभी असलेली आम्हांला दिसली. ज्याने ताडावरून विमान काढले होते, त्याला एका गृहस्थांनी हाक मारून शेजारी बसविले. तो बसला, पण त्याची नजर पत्रावळीपेक्षा उजेडाच्या कडेकडेच अधिक होती. आम्ही टोपांत डोकावलो. मुंबईहून आयत्या वेळी सहा जण आले होते आणि ती जादा पाने त्यांनी घेतली होती. आमच्यापैकी एकाने हलक्या आवाजात म्हटले, “उरेल ते देऊ.” चुलीपाशी बसलेल्या आजींनी ते ऐकले. त्या अगदी सहजपणे म्हणाल्या, “तुमचां होऊ दे पयलां, मग आमी बघू.”

त्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांला उत्तर देता आले असते.

शेवटी जे उरले ते पानांत बांधून दिले गेले, आणि ते घेऊन सर्वजण अंधारातून पाड्याकडे गेले. रात्री तंबूत पडल्यावर आम्हांला ती नेटकी यादी आठवली. सात जणांना काय वर्ज्य आहे याची नोंद तीत होती. पण चुलीपाशी आणि राखणीवर असलेल्या सात जणांची नव्हती. त्याहून बोचली ती जादा आठ पाने. अनपेक्षित पाहुण्यांची आम्ही अपेक्षा ठेवली होती. मात्र तो पाहुणा मोटारीतून उतरणार, हेही आम्ही नकळत गृहीत धरले होते. आमचे अगत्य खरे होते. फक्त त्याला एक ठराविक चेहरा होता.

येथे कोणी म्हणेल, मजुरी पुरती दिली, मग दोष कसला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. या तालुक्यांत तर तो मुळीच हलका मानता येत नाही. ज्या गवताच्या रानात आम्ही तंबू ठोकले होते, तशाच रानांत येथील वारल्यांच्या पिढ्या वेठीने राबल्या. जमीनदाराच्या कामाला विनामोबदला जावयाचे, ही रीत. मे १९४५ मध्ये याच तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास सांगितला आहे. तेव्हा मजुरीच्या जागी जेवण, हा व्यवहार या मातीत कधीही पवित्र ठरणार नाही. मजुरी ही हक्काची वस्तू. ती पुरी आणि रोख मिळालीच पाहिजे.

पण मजुरीने कामाचा हिशेब मिटतो, सहवासाचा मिटत नाही. ती संध्याकाळ आम्ही ‘सर्वांनी मिळून जेवण्याची’ म्हणून योजिली होती. हा ‘सर्वांनी’ शब्द उच्चारताच आम्ही स्वतःवर एक बंधन घेतले होते, आणि ते बंधन मजुरीच्या नोटांनी सुटण्यासारखे नव्हते. भोजनातील न्याय वाढताना ठरत नाही. तो मोजताना ठरतो. वाढण्याच्या वेळी जे राहून जाते त्याची भरपाई दयेने करता येते. पण ज्याला मोजलेच नाही, त्याच्या हाती आपली दया उरलेले अन्न म्हणूनच पोहोचते. अन्न तेच, चवही तीच. तरी ‘तुमच्यासाठी ठेवले आहे’ आणि ‘उरले आहे, घ्या’ यांत जे अंतर आहे ते घेणाऱ्याला बरोबर कळते.

ऑशकॉशच्या त्या मेळ्याची आठवण येथे पुन्हा होते. तो मेळाही हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा राहतो. पण तेथील स्वयंसेवक बहुधा स्वतःच विमानवेडा असतो. आज वाढणारा उद्या पंगतीत बसतो. त्यामुळे त्याला मोजण्याचे विस्मरण सहसा होत नाही. आमच्याकडे वाढणारा आणि जेवणारा यांच्यामध्ये पिढ्यांची भिंत आहे. परदेशातील रीत आणताना आम्ही तिचा तंबू आणला आणि शेगडी आणली. या भिंतीचा विचार मात्र आमचा आम्हीच करावयास हवा होता.

उड्डाणाच्या कथांत हे विस्मरण जुनेच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा तो आरंभ. त्या दिवशी अहमदाबादला विमानासाठी इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून. वैमानिकाचे नाव शाळेतली मुलेही सांगतील. गाडीवानाचे कोणाला ठाऊक? इतिहासाने प्रत्येक गाडीवानाचे नाव टिपून ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या डोळ्यांदेखत जो डबे उतरवीत आहे, त्याचे पान मांडायला इतिहासकार लागत नाही.

पहिल्या शतकात करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी एकत्र भोजनासाठी जमत, आणि त्यांतले काही जण इतरांच्या आधीच आपापले खाऊन घेत; एक उपाशी तर दुसरा तृप्तीच्याही पलीकडे. संत पौलाने त्यांना पत्र लिहून खडसावले ते यासाठीच, की ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवीत आहात. त्याने सुचविलेला उपाय किती साधा होता! एकमेकांसाठी थांबा. त्यात पक्वान्नाची आज्ञा नाही, खर्चाची नाही. थांबण्यासाठी मात्र कोण यावयाचे आहे हे माहीत असावे लागते. म्हणजे पुन्हा मोजदादच.

मग मर्यादा कोठे घालावी? सारा पाडा आला तर? हाही प्रश्न खरा आहे, आणि हंडीला तळ असतो हे विसरून उदारपणाच्या गप्पा मारणे सोपे असते. आम्हांला सुचलेली मर्यादा अशी : ज्यांचे हात त्या दिवसाला लागले, ते त्या दिवसाच्या पंगतीचे. पाणी भरणारे हात, भाकरी थापणारे हात, आणि काट्यांतून विमान उचलून आणणारे ते इवले हातही. पाहुण्यांच्या आधी त्यांची नावे लिहावी. मग हंडी लहान पडत असेल तर पाहुण्यांची संख्या कमी करावी.

दुसऱ्या वर्षी आम्ही तसे केले, आणि तेथेही एक धडा मिळाला. सर्वांना एकाच पंगतीत बसवायचे, असा आमचा उत्साही बेत होता. आदल्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा आजी हसल्या. बाया काही अनोळखी पुरुषांच्या रांगेत बसून जेवणार नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की त्यांच्या वाट्याची हंडी त्यांना आधीच द्यावी. ती त्या आपल्या अंगणात लावतील आणि घरच्यांसह खातील. मुले मात्र माळावर येतील. म्हणजे आमच्या शेजारी बसणे हा त्यांना सन्मान वाटावा, हेही आम्हीच परस्पर ठरवून टाकले होते! मोजण्याइतकेच विचारणे महत्त्वाचे, हे आम्ही त्या अंगणात शिकलो.

याच डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कितीतरी आधी ओळखले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरत होती त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. आमंत्रण देऊन वाट पाहत बसणे हे अर्धेच अगत्य. ज्याला बोलवावयाचे तो कोठे आहे, त्याला काय सोयीचे आहे, हे पाहायला उठून जाणे हे उरलेले अर्धे.

त्या दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी जाळ पेटले : एक माळावर, एक पाड्यावर. मुले पंगतीत बसली आणि विमानांचे मालक त्यांना वाढत होते. राखणीच्या बाबांनी आमच्या हंडीचा पाला सैल बसला आहे, वाफ जाते आहे, असे सांगून तो स्वतः नीट ठोकून दिला. हंडी आधीच्या वर्षीपेक्षा चांगली झाली.

अजूनही आम्ही कोठे ना कोठे सामुदायिक जेवणाच्या कामाला लागतो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसतो. आता यादीच्या पहिल्या ओळी चुलीपाशी असणाऱ्यांच्या असतात. आठ पाने आजही जादा धरतो. ती कोणासाठी, हे मात्र आता लिहून ठेवीत नाही.